अंधार किती दिवसांचा हवा?

कोलकात्याच्या बडाबाजारात, ताडपत्र्या, दोर आणि पोत्यांच्या ढिगांमधून वाट काढत मी एका दुकानापुढे उभी राहिले. हावड्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या अंगणात पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागतं. ते उगवू नये म्हणून जमिनीवर अंथरायचं विणलेलं कापड हवं होतं. दुकानदारानं दोन गुंडाळ्या पुढे टाकल्या. एक काळी कुळकुळीत, गुळगुळीत, प्लास्टिकची. दुसरी तपकिरी, खरखरीत, नाकाशी नेली की किराणा दुकानाचा वास येणारी, म्हणजे आपलं गोणपाट. मग त्यानं विचारलं, "कतो दिनेर जोन्नो, दीदी?" किती दिवसांसाठी हवंय?

पन्हा, रंग, भाव यांचे प्रश्न मी मनात घोकून गेले होते. हा प्रश्न मात्र अनपेक्षित होता. साडी घेताना "किती दिवस नेसणार?" असं कोणी विचारतं का? पण नंतर लक्षात आलं, की जमिनीवर अंथरायचं कापड निवडताना खरा प्रश्न हाच आहे. कारण या दुकानात कापडाच्या नावाखाली विकला जातो तो अंधार. अंधार घ्यायचा, तर तो किती दिवसांचा, हे आधी ठरवायला नको?

थांबा, एवढ्याशा गवतासाठी अंधार विकत घ्यायचा? त्यासाठी आधी बियांचा धीर बघू.

१८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं २० बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि २१ जातींच्या झाडांच्या पन्नास-पन्नास बिया भरल्या आणि त्या जमिनीत पुरून टाकल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बी रुजतं का बघायचं. बील गेले, त्यांचे शिष्यही गेले, प्रयोग मात्र चालूच राहिला. २०२१ साली पुढची बाटली उकरली गेली आणि मुलेन नावाच्या एका रानरोपाच्या बिया चक्क रुजल्या. पुरून १४२ वर्षं झालेल्या बिया! त्या पुरल्या त्याच वर्षी आपल्याकडे वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं होतं. शेवटची बाटली निघणार आहे २१०० साली.

यातली खरी गंमत पुढेच आहे. ही बाटली संशोधकांनी भरदिवसा उकरली नाही. पहाटेच्या काळोखात, चोरासारखे जाऊन त्यांनी ती काढली. का? तर बियांना चुकूनही उजेड लागू नये म्हणून. कारण कित्येक तणांच्या बिया पाण्याची वाट बघत नसतात, त्या उजेडाची वाट बघत असतात.

बी उजेड बघतं? त्याला डोळे कुठे आहेत?

डोळे नाहीत, पण एक बटण आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी लेट्यूसच्या ओल्या बियांवर लाल प्रकाशाचा झोत टाकला. बिया रुजल्या. मग लाल झोतानंतर लगेच अतिलाल, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गडद तांबड्या पलीकडचा प्रकाश टाकला. बिया गप्प! पुन्हा लाल, पुन्हा अतिलाल, पुन्हा लाल... लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसा हा खेळ चालला. कितीही वेळा करा, शेवटचा झोत लाल असला तर बी रुजणार, अतिलाल असला तर झोपणार. ज्या रंगद्रव्यामुळे हे घडतं त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं.

निसर्गानं हे बटण बसवलं कशासाठी? हिरवं पान उन्हातला लाल प्रकाश गिळून टाकतं आणि अतिलाल खाली सोडतं. म्हणजे झाडाखाली पडलेल्या बीला जो उजेड मिळतो, त्यातच निरोप असतो: "वर कुणीतरी बसलंय, आत्ता उठू नकोस." आणि उघड्या उन्हातला उजेड सांगतो: "जागा रिकामी आहे, ऊठ!" मोहरीएवढ्या दाण्यात मावलेला केवढा हा व्यवहार!

आता खुरपणी करणाऱ्या प्रत्येकाला छळणारं कोडं सुटतं. आज वाफा स्वच्छ केला, की आठवड्यात पुन्हा हिरवा कसा? खुरप्यानं माती उलटली, तळाशी झोपलेल्या शेकडो बिया क्षणभर वर आल्या, त्यांना उजेडाचा ओझरता स्पर्श झाला आणि बटण दाबलं गेलं. काही बियांना तर डोळ्याची पापणी लवते तेवढाही वेळ लागत नाही. जर्मनीत काही संशोधकांनी यावर उपाय म्हणून चक्क रात्री नांगरून पाहिलं होतं, आणि तण कमी उगवलंही.

रोज रात्री नांगरणं काही जमायचं नाही. मग सोपा मार्ग म्हणजे जमिनीवर दिवसाही रात्र अंथरायची. ज्या बियांना उजेड लागतच नाही त्या तरीही रुजतात, पण त्यांची गत आपल्या स्वयंपाकघरातल्या मटकीसारखी होते. फडक्यात बांधलेल्या मटकीचे मोड पांढरे, लांब, लुसलुशीत असतात ना? उजेड शोधत ते नुसते लांबत जातात. दाण्यातली शिदोरी संपली की खेळ खलास. कापडाखालचं तण असंच उपाशी मरतं. विष नाही, विळा नाही, नुसता काळोख.

काळोखच हवा तर मग साधा प्लास्टिकचा कागद का नको? आपल्याकडे टोमॅटो-मिरचीच्या गादीवाफ्यांवर तो अंथरतातच. त्याला सगळे "मल्चिंग पेपर" म्हणतात, त्यात पेपर औषधालाही नसला तरी! पण त्यातून पाणी खाली उतरत नाही, खाली ठिबकची नळी टाकावी लागते. मातीचा श्वासही त्यातून नीट चालत नाही, आणि मुळांनाही प्राणवायू लागतोच. कोलकात्यात तर पाऊस असा कोसळतो, की अंगणभर कागद अंथरला तर वर तळं आणि खाली कोरडी माती. हवं असतं ते असं काहीतरी, जे उजेड अडवेल आणि पाणी सोडेल.

एकच वस्तू ही दोन्ही कामं कशी करणार? उत्तर कोकणातल्या कौलारू घरात आहे. नीट शाकारलेल्या छपराखाली उभं राहून वर बघा, आकाश दिसत नाही. पण जोराचा पाऊस आला, की बरोबर कुठेतरी टपटप सुरू होते. उजेड सरळमार्गी असतो, त्याला वळणं घेता येत नाहीत. पाणी मात्र दोन कौलांच्या सांदीतून वळत, झिरपत, वाट काढत येतं. विणलेल्या कापडात अशी हजारो कौलं असतात. उभा ताणा, आडवा बाणा, आणि जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे एक बारीकशी सांद. एक वर, एक खाली, एवढ्या साध्या विणीनं उजेड आणि पाणी यांची फाळणी करून टाकली!

म्हणून दुकानात पहिली परीक्षा फुकटची आहे. कापड दोन्ही हातांत ताणून सूर्याकडे धरा. भर दुपारी त्यात चांदण्या दिसतील. चांगल्या विणीत त्या मोजक्या आणि मंद असतात. आकाशगंगाच दिसू लागली, तर गुंडाळी परत द्या. तेवढ्या चांदण्या तणाला पुरतात.

आता काळ्या गुंडाळीकडे वळू. तिचा एक धागा ओढून काढा. हा धागा कसला, दोन-तीन मिलिमीटर रुंदीची चपटी पट्टीच आहे. खताच्या किंवा सिमेंटच्या गोणीतून निघते तीच. (त्या गोणीत तागाचा अंशही उरला नाही, नाव मात्र गोणीच राहिलं.) ही पट्टी लांबीच्या दिशेनं ओढा. बोटाला काचेल, पण तुटणार नाही. आता तीच नखानं उभी चिरा. केळीच्या सोपासारखी सुर्रकन फाटत जाईल! एकच वस्तू एका दिशेनं पोलादी आणि दुसऱ्या दिशेनं इतकी हळवी कशी?

हे पॉलिप्रॉपिलीन, १९५४ साली इटलीत जूलिओ नात्तानं घडवून दाखवलेलं. त्यासह अशा लांब साखळ्या घडवण्याच्या कामासाठी त्याला आणि जर्मनीच्या कार्ल त्सिग्लरला १९६३ चं नोबेल मिळालं. आत कार्बनच्या लांबच लांब साखळ्या असतात, सुरुवातीला गुंतवळासारख्या. कारखान्यात या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा काढतात, पात्यांनी त्याच्या पट्ट्या कापतात आणि गरम करून त्या मूळ लांबीच्या पाच-सहापट ताणतात. तेल लावून कंगवा फिरवला की केस जसे एका दिशेला बसतात, तशा साखळ्या सरळ होतात. म्हणून लांबीत ताकद अफाट, आणि दोन केसांच्या मध्ये भांग पाडायला मात्र एक नख पुरे.

एवढ्या दणकट पट्टीला पाणी कुजवत नाही, वाळवी खात नाही. तिचा वैरी एकच: ऊन. गच्चीवर टाकलेली पांढरी गोणी दुसऱ्या उन्हाळ्यात हात लावताच भुगा होते, हे तुम्हीही पाहिलं असेल. अतिनील किरणं साखळीच्या दुखऱ्या सांध्यांवर घाव घालतात, हवेतला प्राणवायू जखम चिघळवतो आणि साखळीचे तुकडे पडत जातात. म्हणजे बघा, तणाला उजेडापासून तोडणारं कापड स्वतः उजेडानंच मरतं!

त्याला वाचवतं कोण? काजळी. प्लास्टिकमध्ये साधारण दोन-तीन टक्के कार्बन ब्लॅक मिसळतात. आजी दिव्यावर धरायची त्या काजळाचीच ही कारखान्यातली चुलत बहीण. हे कण किरणं स्वतः पिऊन टाकतात आणि त्यांची निरुपद्रवी ऊब करून सोडतात. म्हणून चांगलं कापड काळं असतं. रंग हीच त्याची छत्री. मात्र तीच ऊब वैशाखात चटका देते. रोपासाठी कापडाला भोक पाडाल तेव्हा ते खोडाला चिकटेल एवढं लहान ठेवू नका, कोवळी साल भाजते. आणि कापलेली कड मेणबत्तीवर अलगद फिरवून बंद करा, नाहीतर ताणा-बाणा उसवत जातो.

कापडाचं आयुष्य जाडीवरही ठरतं. ही जाडी "जीएसएम"मध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. ते तपासायला प्रयोगशाळा नको, दुकानातला तराजू पुरतो. १०० जीएसएमची, एक मीटर पन्ह्याची, १०० मीटर लांब गुंडाळी १० किलो भरायलाच हवी. सात किलो भरली, तर लेबलवरचे तीन किलो कुठे गेले ते दुकानदाराला विचारा.

आता तपकिरी गुंडाळी. हिच्यासाठी कोलकात्यासारखं गाव नाही. नदीपलीकडे शिबपूरला १७८७ साली स्थापन झालेली प्रसिद्ध वनस्पतिबाग आहे. तिचा अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यानं १७९०च्या दशकात या धाग्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचं लक्ष वेधलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द वापरला: जूट. हा शब्द "जटा"च्या कुळातला. आपण शंकराला जटाजूटधारी म्हणतो, त्यातला जूट! ओल्या तागाच्या पेंढ्या बांबूवर वाळत घातलेल्या पाहिल्या, की हे नाव कसं सुचलं असेल ते लगेच कळतं. इंग्रजांनी पोत्यासाठी उचललेला "गनी" हा शब्दही आपल्या गोणीच्याच घराण्यातला.

ताग हातानं कातता येतो, पण स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या यंत्रांवर चढवला तेव्हा तो काडकन तुटायला लागला. उपाय सापडला कुठे? देवमाशात! डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं बंदर. तिथल्या गिरणीवाल्यांनी १८३०च्या दशकात देवमाशाचं तेल आणि पाणी पाजून ताग मऊ केला आणि तो यंत्रावर सुतासारखा सरळ आला. बंगालच्या चिखलात उगवलेलं रोप आणि उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला देवमासा यांची गाठ पडली ती एका पोत्यात. १८५५ साली जॉर्ज ॲकलंडनं डंडीहूनच यंत्रं आणून कोलकात्याच्या उत्तरेला रिश्रा इथे पहिली गिरणी काढली, आणि पन्नास-साठ वर्षांत हुगळीकाठानं डंडीला मागे टाकलं. आज देवमासा सुटला, खनिज तेल आलं. धान्याच्या पोत्यांसाठी भाताच्या कोंड्याचं तेलही वापरतात. भाजीच्या वाफ्यावर अंथरायचं असेल तर तसंच मागून घ्या.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते या धाग्याच्या जन्माचं. कापलेल्या तागाच्या मोळ्या डबक्यात बुडवतात, वर वजन ठेवतात आणि वाट बघतात. बंगालीत याला "जाग देणं" म्हणतात. पाण्यातले जीवाणू सालीतला डिंक खातात, धागे सुटे होतात. इथे सगळी कसरत वेळेची. लवकर काढलं तर साल सुटत नाही, उशीर झाला तर जीवाणू धाग्यावरच ताव मारतात. कोलकात्याजवळ बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेनं तर बॅसिलस जीवाणूंच्या तीन वाणांचं विरजणच तयार केलंय, "क्रायजॅफ सोना" नावाचं. ते घातलं की भिजवण्याचे सहा-आठ दिवस वाचतात.

म्हणजे जंतूंनी जन्माला घातलेला हा धागा आहे, आणि मातीवर अंथरला की जंतूच त्याला परत नेतात. पातळ गोणपाट असेल तर एका पावसाळ्यात, जाड असेल तर वर्ष-दोन वर्षांत.

तोवर तो नुसता पडून राहत नाही. वरवर कोरडा दिसणारा ताग साध्या दमट हवेतही दर १०० किलोला १३-१४ किलो पाणी धरून असतो. पावसात तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पितो आणि उन्हात हळूहळू सोडतो. बर्फाच्या लादीवर गोणपाट का घालतात, माठाला ओलं पोतं का गुंडाळतात, ते आठवा. काळं कापड मातीला तापवतं, गोणपाट तिला निववतं. टॉलीगंजकडच्या रीजंट पार्कात "निनफेट" ही नैसर्गिक धाग्यांची सरकारी संस्था आहे. शेतात अंथरायच्या तागाच्या कापडांवर तिथे संशोधन झालंय.

मात्र तागाच्या दुकानात एक फसगत हमखास होते. जाळीसारखं विरळ विणलेलं, दोरीएवढ्या जाड सुताचं तागाचं कापड मिळतं. हाताला चांगलं वजनदार लागतं, ५०० जीएसएमचं! तणासाठी ते घेतलंत तर पस्तावाल. त्यात निम्मी जागा उघडी असते, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. ते कापड उतारावर अंथरायचं. पाऊस आला की प्रत्येक आडवं सूत फुगून छोटासा बांध होतं, वाहती माती अडवतं, आणि उघड्या चौकोनांत गवत उगवतं. गवताची मुळं माती धरेपर्यंत ताग कुजून जातो. एकाच धाग्याचं एक कापड गवत मारतं आणि दुसरं गवताला बोट धरून चालायला शिकवतं. फरक फक्त विणीचा!

दोन्ही गुंडाळ्यांना घाम फोडणारा एक पैलवानही आहे: लव्हाळा. महापुरात वाचतो म्हणून तुकोबांनी ज्याला नम्रतेचा नमुना ठरवलं, तोच किंवा त्याचा भाऊबंद. त्याच्या जमिनीतल्या गाठीत शिदोरी भरपूर आणि कोंबाचं टोक सुईसारखं. मल्चिंग पेपर तो सहज भोसकतो, गोणपाटातूनही डोकं काढतो. जाड काळ्या विणीपुढे मात्र बहुतेक वेळा हार मानतो, आणि मग जोड आणि भोकं शोधत फिरतो.

तेव्हा निवड कशी करायची? एका हंगामाची भाजी, फुलांचे वाफे, नुकतं लावलेलं रोप, जिथे वर्षभरात झाडाची स्वतःची सावली पडणार आहे, तिथे दाट विणीचं गोणपाट. रोपवाटिकेची जमीन, पायवाट, फळबागेतल्या ओळी, जिथे पाच पावसाळे शांतता हवी, तिथे १०० जीएसएमच्या आसपासचं काळं कापड. वर खडी टाकली तर ऊन लागत नाही, आयुष्य आणखी वाढतं. फक्त ते भुगा होण्याआधी उचला. तुकडे मातीत मिसळले तर कुठलाच जंतू त्यांना परत नेणार नाही. आणि वर साठणारी धूळ झाडत राहा, नाहीतर तण खाली न उगवता कापडावरच बिऱ्हाड थाटतं.

जाता जाता एक घरचं नवल. बंगालमध्ये ताग मार्च ते मेमध्ये पेरतात. दिवस मोठे असतात, तोवर तो फुलत नाही, नुसता उंच होतो, दोन पुरुष उंचीपर्यंत. साधारण चार महिन्यांत तो धाग्यासाठी कापतात, बी धरण्याआधीच. मग पुढच्या वर्षीचं बियाणं येतं कुठून? बरंचसं महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातून! तिथे तो लहान दिवस येईपर्यंत उभा राहतो आणि कोरड्या हवेत बी नीट पिकतं. १९७७ च्या "नवीन" या वाणानं तर वर्षानुवर्षं बंगालच्या शेतांवर राज्य केलं.

पण दिवस मोठा की लहान, हे तागाला कळतं कशानं? फायटोक्रोमनं! त्याच बटणानं. या रंगद्रव्यानं मोठे दिवस मोजले म्हणून ताग उंच झाला, उंच झाला म्हणून लांब धागा मिळाला, आणि त्या धाग्याचं कापड आपण अंथरतो ते तणाच्या बीमधल्या फायटोक्रोमच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला.

मी दोन्ही गुंडाळ्या घेतल्या. पायवाटेला काळी, वाफ्यांना तपकिरी. दिवाळीत बहिणीचा फोन आला. वाफ्यावरचं गोणपाट उचलायला गेली तर हातात फक्त चिंध्या आल्या, आणि खाली गांडुळं. पायवाटेवरचं काळं कापड अजून जसंच्या तसं आहे, पाच वर्षं तरी जाईल म्हणते. जाऊ दे. त्याच्या खाली बिया निवांत पडून आहेत. बीलसाहेबांच्या बाटलीतल्या बियांनी १४२ वर्षं वाट पाहिली. यांना पाचच पाहायची आहेत.